पुस्तक ऐकू आले पाहिजे

तालुक्याच्या गावी पुस्तकाचे प्रकाशन कसे होते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. शाळेचे सभागृह किंवा मंगल कार्यालय ठरते, पाठीमागे फलक लागतो, दीपप्रज्वलन होते, स्वागतगीत होते. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्हे यांच्या देवाणघेवाणीत पाऊण तास निघून जातो. मग रंगीत कागदात गुंडाळलेले पुस्तक तबकातून आणले जाते, फीत सोडली जाते आणि मान्यवर मंडळी मुखपृष्ठ छायाचित्रकाराकडे करून क्षणभर स्तब्ध उभी राहतात. त्यानंतर भाषणे. प्रमुख पाहुण्यांच्या हाती पुस्तक बहुधा आदल्या रात्री पडलेले असते. अध्यक्षांना ते व्यासपीठावरच पाहावयास मिळते. साहजिकच लेखकाची जिद्द, त्याच्या आईवडिलांचे कष्ट आणि मराठी भाषेचे भवितव्य या विषयांवर सर्वजण भरभरून बोलतात. शेवटी आभारप्रदर्शन आणि अल्पोपाहार. या दोन-अडीच तासांत एकच गोष्ट राहून जाते: पुस्तकातले एक पानही कोणी वाचून दाखवीत नाही.

प्रकाशन म्हणजे उजेडात आणणे. ज्या समारंभात पुस्तकाचा मजकूर झाकलेलाच राहतो, त्याला प्रकाशन म्हणावे की लेखकाचा सत्कार, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मुंबई-पुण्यात अशा समारंभाने फारसे बिघडत नाही. तेथे दुसऱ्या दिवशी पुस्तक दुकानात दिसते, आठवड्याभरात त्यावर कोठेतरी चार ओळी छापून येतात, ग्रंथालयात ते नोंदले जाते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात मात्र समारंभ संपला की पुस्तकही संपते. उरलेल्या प्रती लेखकाच्या घरी खोक्यात परततात. म्हणूनच येथे हा केवळ औचित्याचा प्रश्न राहत नाही. पुस्तक माणसांपर्यंत पोहोचणार की नाही, याचाच तो प्रश्न होतो.

साक्षरतेचा आकडा आणि त्याचा अर्थ

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या जवळपास होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. त्याच जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३ टक्के, तर नंदुरबारची ६४.४ टक्के नोंदली गेली. राज्यातील सर्व जिल्ह्यांत हा आकडा सर्वांत कमी होता.

या आकड्यावरून एक निष्कर्ष नेहमीच काढला जातो. येथे पुस्तके वाचणार कोण आणि विकत घेणार कोण? प्रकाशक हा प्रश्न विचारतात, वितरक विचारतात, आणि त्याचे उत्तर गृहीत धरून पुस्तकांची खोकी जळगावपर्यंत आली तर आली, पुढे येत नाहीत. परंतु याच आकड्याचा दुसराही अर्थ आहे. जेथे शंभरातील पस्तीस माणसांची अक्षरओळख झालेली नव्हती आणि उरलेल्यांतही शाळेची पायरी चढलेली पहिलीच पिढी मोठ्या संख्येने होती, तेथे पुस्तकाचा प्रवेश डोळ्यांवाटे होण्याच्या आधी कानांवाटे व्हावयास हवा. वाचता येत नाही म्हणून कोणाला ऐकता येत नाही, असे नाही. किंबहुना ऐकण्याची शिस्त या भागात शहरांपेक्षा अधिक टिकून आहे. इंदलच्या रात्री सातपुड्यातील पाड्यांवर रात्रभर चालणारे गायन, लग्नाकार्यातील आणि सणांतील रोडाली गीते, सोंगाड्या पार्टीचे खेळ पाहण्यासाठी मैलोगणती चालत येणारी माणसे, हे सारे निरक्षरतेचे पुरावे नव्हेत. एका समृद्ध श्रोतृवर्गाचे ते पुरावे आहेत.

भाषांचीही तीच गोष्ट. नवापूरकडे मावची, अक्कलकुव्याकडे देहवाली, धडगावच्या डोंगरात पावरी, शहाद्याच्या सपाटीवर गुजरी आणि अहिराणी, नंदुरबारच्या बाजारपेठेत गुजराती. मराठी ही या सर्वांची कामकाजाची आणि शाळेची भाषा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आनंद या जिल्ह्यातील शिक्षकांनाही झालाच असेल. पण पहिलीच्या वर्गात बसलेल्या पावरी मुलाला अभिजात मराठी ही परक्या गावच्या पाहुण्यासारखी भेटते, हेही त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. या जिल्ह्याची अडचण थोडक्यात सांगावयाची तर अशी: येथे जे ऐकले जाते ते छापले जात नाही, आणि जे छापले जाते ते कोणाला ऐकू येत नाही.

कानांवाटे आलेले साहित्य

ही दरी भरून येऊ शकते, याचे उदाहरण शोधण्यास खानदेशाबाहेर जावे लागत नाही. बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात, घरात, जात्यावर त्या बोलत गेल्या, गात गेल्या, आणि ऐकणाऱ्या घरच्या माणसांनी ते कागदावर उतरवून घेतले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांच्यासमोर ठेवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. ज्या विद्यापीठाशी नंदुरबारची महाविद्यालये जोडलेली आहेत, त्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. कोणी ऐकणारा भेटला म्हणून हे पुस्तक झाले. ऐकणारा न भेटलेल्या बहिणाबाई किती होऊन गेल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही जनगणनेत सापडणार नाही.

मराठी कवितेलाही वाचक मिळवून देण्यात वाचून दाखविण्याचा वाटा मोठा आहे. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव काव्यवाचनाचे कार्यक्रम केले, तेव्हा ज्यांनी शाळा सोडल्यानंतर कवितेचे पुस्तक हाती धरले नव्हते असे लोकही सभागृहात बसून कविता ऐकत. त्यांच्यात हारतुऱ्यांचे प्रस्थ नव्हते. कवी उभा राही आणि कविता म्हणे. त्याही पूर्वीपासून श्रावणात गावोगाव पोथी लागतच होती. एकाने ओवी वाचावयाची, दुसऱ्याने तिचा अर्थ सांगावयाचा आणि भोवतालच्यांनी ऐकावयाचे, ही योजना मराठी माणसाला नवी नाही. आज ज्याला अभिवाचन म्हणतात, त्याचे मूळ पोथीच्या पाटावर आहे.

परदेशातही हा क्रम ओळखीचा आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात १९५३ मध्ये ‘सिटी लाइट्स’ नावाचे पुस्तकांचे एक लहानसे दुकान निघाले. त्याच्या संस्थापकांपैकी एक, कवी लॉरेन्स फर्लिंगेटी, हे ७ ऑक्टोबर १९५५ च्या रात्री ‘सिक्स गॅलरी’ येथे झालेल्या काव्यवाचनास श्रोता म्हणून हजर होते. ॲलन गिन्सबर्ग या तेव्हा अप्रसिद्ध असलेल्या कवीने ‘हाऊल’ ही आपली दीर्घ कविता तेथे वाचली. फर्लिंगेटींनी ती छापावयास मागून घेतली आणि १९५६ मध्ये त्यांच्याच दुकानाने ती पुस्तकरूपाने काढली. पुढे त्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला, तो प्रकाशकाच्या बाजूने निकालात निघाला आणि ते दुकान जगप्रसिद्ध झाले. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की पुस्तकविक्रेता व्यासपीठावर नव्हता. तो श्रोत्यांत बसला होता. आधी कविता ऐकली गेली आणि मग ती छापली गेली.

दुकानच का?

वाचनाचे कार्यक्रम शाळांत, ग्रंथालयांत, सरकारी सभागृहांत होऊ शकतात आणि होतातही. राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत शासनातर्फे ग्रंथोत्सव भरतो. नंदुरबारातही तो भरतो. ग्रंथदिंडी निघते, परिसंवाद होतात, कविसंमेलन होते, पुस्तकांची दालने लागतात. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या विद्यार्थ्याने एका जागी इतकी पुस्तके कधी पाहिलेली नसतात, त्याला ते दोन दिवस पुष्कळ काही देऊन जातात. परंतु तिसऱ्या दिवशी मांडव उतरतो. संमेलनांचेही तसेच. याच सुरत-भुसावळ लोहमार्गावरील अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन अशी दोन्ही संमेलने भरली. अमळनेरला तो मान बहात्तर वर्षांनी मिळाला. संमेलन म्हणजे पूर आहे; पूर ओसरल्यावर रोजच्या पाण्यासाठी विहीरच लागते.

पुस्तकांचे स्वतंत्र दुकान ही अशी विहीर होऊ शकते. स्वतंत्र म्हणजे जे कोणा एका प्रकाशनसंस्थेची शाखा नाही, मोठ्या साखळीचा भाग नाही, आणि ज्याचा मालक कोणते पुस्तक ठेवावयाचे हे स्वतः वाचून ठरवितो, असे दुकान. अशा दुकानात झालेल्या वाचनाचा एक गुण दुसरीकडे सापडत नाही. ज्या पुस्तकाचे पान संध्याकाळी ऐकले, ते दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फळीवर असते. ज्याला त्या रात्री दोनशे रुपये खर्चणे जमले नाही, तो पगार झाल्यावर येऊ शकतो. आणि न घेताही उभ्याउभ्या चार पाने चाळू शकतो. दुकानदाराला गिऱ्हाईक नावाने ठाऊक असते. तो सांगू शकतो, “गुरुजी, तुम्ही त्या दिवशी ऐकले होते ना, त्याच लेखकाचे हे नवे आले आहे.” हे काम मांडव करू शकत नाही.

महाराष्ट्रात अशा दुकानांची परंपरा आहे. गिरगावातील मॅजेस्टिक बुक स्टॉलमध्ये केशवराव कोठावळे यांच्याभोवती लेखकांची आणि वाचकांची बैठक जमे. त्या बैठकीतल्या गप्पांतूनच वाचकांची नाडी त्यांना कळली आणि १९६४ मध्ये पुस्तकांच्या जगालाच वाहिलेले ‘ललित’ मासिक निघाले. मॅजेस्टिकच्याच ‘गप्पां’नी लेखकाला श्रोत्यांसमोर आणून बसविले. मुंबईच्या फोर्टमध्ये २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘किताबखाना’ने दुकानातच पुस्तकांची प्रकाशने आणि वाचने करण्याचा परिपाठ ठेवला, डिसेंबर २०२० च्या आगीत ते दुकान होरपळले, तेव्हा काही महिन्यांत ते पुन्हा उभे राहिले. याउलट १९४८ मध्ये टी. एन. शानभाग यांनी सुरू केलेले आणि कित्येक पिढ्यांना वाचावयास शिकविणारे ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले. मुंबईसारख्या शहरातही हे दुकान चालू शकले नाही, ही गोष्ट नंदुरबारची चर्चा करताना विसरून चालणार नाही.

व्यासपीठ कोणाचे?

याच जिल्ह्याने मराठीला वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी दिला. शहादा परिसरातील आदिवासी शेतमजुरांच्या चळवळीत, श्रमिक संघटनेत काम करता करता लिहिणारा हा भिल्ल कवी. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ मध्ये आला आणि १९९० मध्ये पालघर येथे भरलेल्या आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांची ‘स्टेज’ ही कविता अनेक भाषांत गेलेली आहे. ज्यांचे दुःख त्यांना खाली बसवून ठेवावयाचे आणि वर बसलेल्यांनी ते दुःख त्यांनाच समजावून सांगावयाचे, या रीतीवर ती कविता बोट ठेवते. पुस्तक प्रकाशनाच्या चालू पद्धतीवर याहून नेमकी टीका दुसरी नसेल. खुर्च्या वर मांडल्या की कोण वर आणि कोण खाली, हे ठरून जाते. दुकानात व्यासपीठ बांधावयास जागाच नसते. लेखक फळ्यांच्या मधोमध उभा राहतो किंवा स्टुलावर बसतो, आणि ऐकणारे त्याच्यापासून हातभर अंतरावर असतात. जागेची ही अडचण म्हणजेच त्या जागेचा मोठा गुण आहे.

आणि वाचावयाचे ते मराठीतच, असेही नव्हे. डॉ. गणेश देवी यांनी १९९६ मध्ये वडोदऱ्यात स्थापन केलेल्या ‘भाषा’ या संस्थेने ‘ढोल’ हे नियतकालिक निरनिराळ्या आदिवासी बोलींत काढले. त्यांत देहवाली आणि पावरी यांचाही समावेश होता. ज्यांना वाचता येत नव्हते अशा आदिवासींनीही त्याच्या प्रती पैसे देऊन घेतल्या, असा अनुभव देवी यांनी नमूद करून ठेवला आहे. आपली बोली कागदावर उतरलेली पाहणे, ती हाती धरणे, घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडून ती वाचून घेणे, यात त्या माणसांना काय वाटले असेल, हे सांगण्यास समीक्षकाची गरज नाही. पुस्तक फक्त वाचता येणारेच विकत घेतात, या समजुतीला त्या घटनेने उत्तर दिले आहे. नंदुरबार, शहादा किंवा तळोदा येथील एखाद्या दुकानात महिन्यातून एक संध्याकाळ मराठी पुस्तकाचे पान वाचून त्याचा आशय देहवालीत किंवा पावरीत सांगितला गेला, आणि एखाद्या मावची कथेचे मराठी रूप त्या कथेसोबतच ऐकविले गेले, तर पोथी आणि तिचे निरूपण यांची जुनी पद्धत नव्या कामास लागेल.

हिशेबाची बाजू

तथापि, सदिच्छेवर दुकान चालत नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणची बहुतेक पुस्तकांची दुकाने वह्या, गाईडे, अपेक्षित प्रश्नसंच आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके यांवर जगतात. सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, हे योग्यच आहे. पण त्यामुळे जूनमधली दुकानांची एक जुनी मिळकत कमी झाली. कथा-कादंबऱ्यांना अशा दुकानात कोपऱ्यातली एखादी फळी मिळते. याबद्दल दुकानदाराला दोष देणे सोपे आहे. स्पर्धा परीक्षेचे पुस्तक घेणारा विद्यार्थी शेतमजुराचा मुलगा असतो आणि त्याच्या दृष्टीने ते पुस्तक म्हणजे घर वर काढण्याचे साधन असते. त्याला हिणविणारी वाङ्मयाभिरुची कोणाच्याच उपयोगाची नाही. उलट तो रोज त्या दुकानात येतो, हेच वाचनाच्या कार्यक्रमाचे भांडवल आहे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. तीनशे रुपयांच्या पुस्तकावर दुकानदाराला तीस टक्के सूट मिळाली, तर प्रतीमागे नव्वद रुपये सुटतात. वाचनाच्या संध्याकाळी पंधरा प्रती खपल्या, तर साडेतेराशे रुपये झाले. त्यात चहा होईल, चार खुर्च्यांचे भाडे निघेल. पुण्याहून रात्रभर प्रवास करून येणाऱ्या लेखकाचा जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च निघणार नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. असा उपक्रम बाहेरच्या नामवंतांवर उभा राहू शकत नाही. तो जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या लिहिणाऱ्यांवरच उभा राहील. धुळे, जळगाव, साक्री, अमळनेर ही गावे जवळची आहेत. सुरत तर पुण्याहून कितीतरी जवळ आहे. नामवंत नसले म्हणून बिघडत नाही. नामवंताचे पुस्तक त्याच्या अनुपस्थितीत एखाद्या चांगल्या वाचणाऱ्या शिक्षिकेने वाचून दाखविले, तरी ते ऐकू येतेच. याच्या शेजारी सत्कारसमारंभाचा हिशेब ठेवावा. सभागृह, ध्वनिक्षेपक, फलक, शाली, स्मृतिचिन्हे आणि जेवणावळ यांवर लेखकाच्या खिशातून जी रक्कम जाते, तीत दुकानातली कित्येक वाचने होतील.

पुस्तके येथवर पोहोचण्याचा प्रश्नही आहेच. टपाल खात्याने १८ डिसेंबर २०२४ रोजी पुस्तकांसाठीची जुनी, स्वस्त नोंदणीकृत सेवा बंद केली, तेव्हा लहान प्रकाशकांची आणि दूरच्या वाचकांची मोठी अडचण झाली. पुढे १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू झाली. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, अधिक कर, असा तिचा दर ठरविण्यात आला. धडगाव-मोलगीच्या वाचकाला आणि नंदुरबारच्या दुकानदाराला असल्या दरातील पाच-दहा रुपयांचा फरकही जाणवतो. ग्रंथालयांचे सहकार्य हा दुसरा आधार. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित ग्रंथालये उभी राहिली. त्यांची वार्षिक खरेदी पुष्कळदा दूरच्या वितरकाकडून, अधिक सुटीच्या मोहाने होते. तिचा थोडा भाग जरी स्थानिक दुकानाकडे वळला आणि जे पुस्तक गावात वाचले गेले ते खरेदीच्या यादीत आले, तर दुकान आणि ग्रंथालय दोघांचाही लाभ होईल. फ्रान्सने १९८१ मध्ये कायदा करून नव्या पुस्तकावरील सूट पाच टक्क्यांपर्यंत मर्यादित केली, ती लहान दुकाने जगावीत म्हणूनच. तसा कायदा येथे लगेच होईल, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण घरपोच येणाऱ्या पुस्तकावर पन्नास रुपये वाचतात, तेव्हा गावातले दुकान किती झिजते, एवढा विचार वाचकाने करावयास कायद्याची आवश्यकता नाही.

काय करता येईल?

एखाद्या दुकानदाराने मनावर घेतले, तर आरंभ अगदी साधा असू शकतो. महिन्यातला एक दिवस ठरवावा, शक्य तर बाजाराचा, म्हणजे पाड्यांवरून आलेली माणसेही क्षणभर थांबू शकतील. कार्यक्रम एका तासाचा असावा. त्यातील चाळीस मिनिटे वाचनाला द्यावीत आणि वीस मिनिटे प्रश्नांना. हार, शाल, दीपप्रज्वलन आणि अध्यक्ष यांना त्या दिवशी रजा द्यावी. लेखकाचा परिचय तीन वाक्यांत संपावा. वाचणाऱ्याने पाने आधी निवडून, मोठ्याने वाचण्याचा सराव करून यावे. कारण आपलेच लेखन नीट वाचता न येणारे लेखक मराठीत पुष्कळ आहेत. ज्याचे पुस्तक अद्याप छापलेले नाही, त्यालाही हस्तलिखितातून वाचण्याची मुभा असावी, आणि कोणावरही विकत घेण्याचे दडपण नसावे. वर्षातली एक बैठक होळीच्या सुमारास ठेवावी. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातेत गेलेली कुटुंबे होळीला गावाकडे परततात; ज्यांच्याविषयी पुस्तकांत लिहिले जाते, ती माणसे त्या दिवसांत घरी असतात. त्यांनी ऐकून “हे असे नसते” असे सांगितले, तर लेखकाला त्याहून मोलाचा अभिप्राय कोठेही मिळणार नाही.

यावर एक आक्षेप येईल. पंधरा-वीस माणसांनी ऐकल्याने काय होणार? ग्रंथालीने १९७४ मध्ये वाचक चळवळ सुरू केली, तेव्हाही असे प्रश्न विचारले गेलेच असतील. त्याच संस्थेने १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ वाचकांपुढे आणले आणि मराठी वाचकाच्या जगाचा परीघच बदलून गेला. त्या पुस्तकांतील जग महाराष्ट्रात पूर्वीपासून होतेच. ते ऐकून घेणारा वाचक तयार व्हावयाचा होता. सातपुड्यातील जगाला असा वाचक अद्याप पुरेसा मिळालेला नाही. तो प्रथम नंदुरबारातच मिळावयास हवा. ज्या जिल्ह्याने आपल्या लेखकाला आधी ऐकले नाही, त्या जिल्ह्याने पुण्या-मुंबईने त्याची दखल घेतली नाही अशी तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

ही जबाबदारी शेवटी येऊन पडते ती जिल्ह्यातील नोकरदार आणि शिक्षक वर्गावर. दरमहा ठरलेला पगार ज्यांच्या हाती येतो आणि ज्यांना मराठी सहज वाचता येते, असा हाच वर्ग येथे आहे. मिरचीच्या पथारीवर किंवा उसाच्या फडात राबणाऱ्याकडून पुस्तकखरेदीची अपेक्षा करता येणार नाही. पण शिक्षकाने महिन्याला एक पुस्तक विकत घेणे आणि ते वर्गात दहा मिनिटे मोठ्याने वाचणे, कारकुनाने संध्याकाळी घरी जाताना तासभर दुकानात थांबणे, महाविद्यालयीन विद्यार्थ्याने आपल्या आजीचे गाणे लिहून काढून पुढच्या बैठकीत वाचणे, यांपैकी कोणतीही गोष्ट अशक्य नाही. वाहरू सोनवणे यांचे नाव ज्यांनी परीक्षेच्या अभ्यासक्रमात वाचले, पण त्यांची कविता कधी मोठ्याने म्हटलेली ऐकली नाही, अशा पदवीधरांची संख्या याच जिल्ह्यात थोडी नसावी. ती कमी करण्यासाठी शासनाच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक दुकान, एक पुस्तक आणि ते नीट वाचणारा एक माणूस एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते.